सहावा सरताना: २४ ते २८ आठवड्यांत आईत आणि बाळात काय बदलतं?

अबोली
गरोदरपणाबद्दल बोलताना पहिल्या तीन आणि शेवटच्या दोन महिन्यांवर भरभरून बोललं जातं. मधला काळ 'आता काही त्रास नाही' म्हणून सुटून जातो. उलट्या थांबलेल्या असतात, पाचव्या महिन्यातली मोठी सोनोग्राफी नीट आलेली असते, भूकही छान लागते. याच टप्प्यात, म्हणजे २४ ते २८ आठवड्यांत, साखर चढायला लागते, हिमोग्लोबिन उतरतं आणि काहींचा रक्तदाब वर सरकतो. यातलं सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून हा वेगळा धागा. जाणकारांनी नेमकं आणि उपयोगी लिहावं ही विनंती.

आधी हिशोब. दवाखान्यात आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. घरी आपण महिने मोजतो. 'सातवा लागला' म्हणेपर्यंत २६ आठवडे भरलेले असतात. डॉक्टरांनी २४ ते २८ मध्ये तपासणी सांगितली आणि घरी 'सातवा संपता संपता जाऊ' असं ठरलं, तर तिसावा आठवडा उजाडतो. फाइलच्या पहिल्या पानावर आठवड्यांचा हिशोब लिहून ठेवा.

बाळाबद्दल: २४ व्या आठवड्यात वजन साधारण ६०० ते ६५० ग्रॅम आणि डोक्यापासून टाचेपर्यंत लांबी ३० सेंमीच्या आसपास असते. २८ व्या आठवड्यापर्यंत वजन एक किलोच्या थोडं पुढे जातं, लांबी ३७ सेंमीच्या जवळ. म्हणजे चार आठवड्यांत वजन दीडपटीहून जास्त होतं. कातडी अजून पातळ आणि सुरकुतलेली असते, कारण तिच्याखाली चरबी नुकतीच साठू लागलेली असते. अंगभर मऊ लव असते आणि त्यावर पांढरा चिकट थर. तो थर कातडीला गर्भजलापासून जपतो. चिकटलेल्या पापण्या २६ ते २८ आठवड्यांच्या सुमारास उघडतात. आवाजाला दचकून हालचाल करणंही याच काळात सुरू होतं. आईचा आवाज बाळाला आतूनच पोचतो, त्यामुळे पोटावर हेडफोन लावायची काही गरज नाही. साध्या बोलण्या-गाण्याने काम होतं.

सगळ्यात महत्त्वाचं काम फुप्फुसांत चालू असतं. हवेच्या पिशव्या श्वास सोडल्यावर मिटून एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आतून एक निसरडा पदार्थ लागतो, सरफॅक्टंट. तो २४ आठवड्यांच्या सुमारास बनायला लागतो, पण पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे उजाडतात. या वयात जन्मलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होतो त्याचं मूळ इथे आहे.

रानजाई
धागा काढलात ते फार बरं केलंत. आईच्या बाजूने भर घालते.

रक्ताचं एकूण प्रमाण गरोदरपणात ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. त्यात पातळ भाग जवळजवळ निम्म्याने वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात. त्यामुळे रक्त पातळ दिसतं आणि हिमोग्लोबिन थोडं खाली येतं. हे ठरलेलंच आहे. पण 'गरोदरपणात उतरतंच' म्हणून ९ वर स्वस्थ बसणं चूक. आपल्याकडे ११ च्या खाली रक्तक्षय धरतात: १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. बाळ लोहाचा मोठा साठा शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून घेतं. म्हणजे भर घालायची ती आत्ताच.

पोटाची उंची टेपने मोजतात तो प्रकार कित्येक ठिकाणी घाईत उरकला जातो, म्हणून नीट सांगते. आधी लघवीला जाऊन यायचं, कारण भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भपिशवी वर ढकलली जाते आणि माप जास्त येतं. उताणं झोपायचं, पाय सरळ ठेवून. मोजणाऱ्याने आधी हाताच्या कडेने गर्भपिशवीचं वरचं टोक शोधायचं, तिथून टेप खाली जघनास्थीच्या (ओटीपोटाच्या तळाशी समोर लागणाऱ्या हाडाच्या) वरच्या कडेपर्यंत पोटाला लावून आणायची. आकड्यांची बाजू पोटाकडे ठेवायची, म्हणजे अपेक्षित आकड्याकडे हात नकळत ओढला जात नाही. २४ आठवड्यांनंतर सेंमीतला आकडा आठवड्यांच्या जवळपास येतो, दोनने इकडे-तिकडे चालतं. एका मापावरून काही ठरवू नका. दोन भेटींमध्ये आकडा हललाच नाही, किंवा तीनहून जास्त फरक पडला, तर वाढीची सोनोग्राफी करून घ्यायची. जुळी असतील, मोठी गाठ असेल किंवा वजन खूप जास्त असेल तर टेपवर भिस्त ठेवू नये.

बाकी बदल पटापट: बेंबीपासून खाली काळी रेघ, हिरड्यांतून रक्त, चोंदलेलं नाक, छातीत जळजळ, मलावरोध, सकाळी बोटं बधिर होणं. त्रासदायक, पण बहुतेक निरुपद्रवी. वजन महिन्याला दोन किलोच्या आसपास वाढणं ठीक. एका आठवड्यात अचानक एक-दोन किलो वाढलं तर ते बहुधा अंगात साठलेलं पाणी असतं, आणि लगेच रक्तदाब बघायला हवा.

चैत्रपालवी
ग्लुकोजच्या तपासणीला उपाशी जायचं की जेवून? एका लॅबमध्ये एक सांगतात, दुसरीकडे दुसरं.

रक्तपेढीकर
दोन्ही बरोबर आहेत, कारण तपासण्या दोन वेगळ्या आहेत.

पहिली 'डिप्सी' पद्धत. सरकारी दवाखान्यांत हीच असते. उपाशी असा की जेवलेल्या असा, ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात विरघळवून ५ ते १० मिनिटांत संपवायचं आणि दोन तासांनी एकदाच रक्त द्यायचं. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. दुसरी उपाशीपोटीची. रात्रीपासून किमान आठ तास काही न खाता जायचं, आधी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज, मग एका आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. उपाशी ९२, एक तासाने १८०, दोन तासांनी १५३, यातला एक जरी आकडा गाठला किंवा ओलांडला तरी निदान होतं. एका तपासणीचा आकडा दुसरीच्या पट्टीने वाचला की घोळ होतो. तेव्हा अहवालावर कोणती तपासणी केली ते लिहून घ्या.

चुका कुठे होतात? एक, ग्लुकोज अंदाजे चमच्याने घेतात. ७५ ग्रॅमचं पाकीट घ्या आणि पूर्ण वापरा. दोन, रंगीत 'लिंबू चवीची' ऊर्जापेयाची पावडर घेतात, तिच्यात साखर वेगळी आणि ग्लुकोजचं प्रमाण वेगळं. तीन, मधल्या दोन तासांत चहा-बिस्किट होतं किंवा बाजारात चक्कर होते. बसून राहायचं, साधं पाणी थोडं चालतं. चार, उलटी. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी करायची. अर्ध्या तासानंतर झाली तर चालू ठेवायची. थंड पाण्यात मिसळलं की मळमळ कमी होते.

पहिल्या भेटीत साखर नॉर्मल आली म्हणून ही तपासणी टाळायची नाही. वारेतून (प्लासेंटातून) सुटणारी संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा असर कमी करतात, आणि वार मोठी होत जाईल तसं ते वाढतं. म्हणून १२ व्या आठवड्यात चांगला असलेला अहवाल २६ व्यात बिघडू शकतो. आधीच्या आणि या तपासणीत किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवतात.

चैत्रपालवी
धन्यवाद, आता कळलं. आणि मधुमेह निघालाच तर लगेच इन्सुलिन?

नाचणीसत्त्व
सहसा नाही. आधी दोन आठवडे आहार आणि चालणं, मग जेवणानंतर दोन तासांची साखर बघतात. ती १२० च्या खाली राहिली तर तेवढ्यावरच चालू राहतं. १२० किंवा वर राहिली तर औषध. पहिलीच साखर २०० च्या घरात असेल तर मात्र वाट बघत नाहीत. जी साखर आईच्या रक्तात चढते ती बाळाकडे जाते, बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, अंग भरतं, आणि जन्मल्यावर नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो पण बाळाचं इन्सुलिन जास्तच राहतं. म्हणून पहिल्या तासांत त्याची साखर घसरते.

आता ताट. उपासाची साबुदाणा खिचडी आणि बटाटा ही साखरेसाठी सगळ्यात वाईट जोडी, आणि आपल्याकडे याच महिन्यांत श्रद्धेने संकष्टी-चतुर्थ्या धरल्या जातात. निदान झालं असेल तर उपास करू नयेत, हे मी ठामपणे सांगेन. सकाळी नुसते पोहे नकोत. पोह्यांत मटार-शेंगदाणे भरपूर, बाजूला अंडं किंवा वाटीभर मटकीची उसळ. दुपारी दोन ज्वारीच्या किंवा बाजरीच्या भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण, भाजी, ताक. भात हवा असेल तर भाकरी एकने कमी. फळ जेवणाबरोबर न खाता दोन जेवणांच्या मध्ये, आणि रस काढून नाही. तीन जेवणं आणि दोन-तीन छोटे फराळ, कुठलंही जेवण गाळायचं नाही. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं हे औषधाइतकंच उपयोगी.

ज्यांना मधुमेह नाही त्यांनाही 'दोघांचं खा' हे लागू नाही. या काळात रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध यात ते भागतं.

लोहाच्या गोळीबद्दल, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. सरकारी लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. रक्तक्षय असेल तर डॉक्टर रोज दोन देतात. कॅल्शियमची गोळी ५०० मिग्रॅची, दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की लोह शोषलं जात नाही, म्हणून किमान दोन तासांचं अंतर. दूध, चहा, कॉफी यांचंही तसंच. मळमळत असेल तर लोहाची गोळी रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर घ्या. शी काळी होणं अपेक्षितच आहे. गोळी घेतली जातेय याची ती खूणच.

रक्तपेढीकर
एक पुरवणी. रोज दोन गोळ्या नीट घेऊन महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळ्या दुप्पट करत बसू नका, कारण शोधा. बी-१२ कमी आहे का, जंतांची गोळी झाली का (दुसऱ्या तिमाहीत अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ एकदा देतात), थॅलेसेमियाचं (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचं) वहन आहे का. सिंधी, लोहाणा, कच्छी घरांत हे तपासायलाच हवं. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या बऱ्याच भागांत सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, तपासायचा. सिकलसेलचा आजार असेल तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) बघितल्याशिवाय लोह देत नाहीत. गोळ्या पचतच नसतील किंवा वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं, पण ते दवाखान्यातच.

मोगरीचा_वेल
पोट मध्येच दगडासारखं कडक होतं आणि मिनिटाभरात सैल पडतं. २५ वा आठवडा. हे कळा आहेत का?

रानजाई
बहुतेक वेळा सरावाचे आकुंचन असतात. गर्भपिशवीचा स्नायू अधूनमधून आवळतो. ते अनियमित असतात, जोर वाढत जात नाही, दुखण्यापेक्षा घट्टपणा जास्त. पाणी कमी पडलं, लघवी तुंबली, फार वेळ उभं राहिलं की वाढतात. आत्ता करायचं ते असं: लघवीला जाऊन या, दोन पेले पाणी प्या, डाव्या कुशीवर तासभर पडा आणि घड्याळ बघून प्रत्येक वेळ लिहा. तासात चार किंवा जास्त वेळा नियमित आवळत असेल, कंबर सतत धरत असेल, खाली दाब येत असेल, पाण्यासारखं झिरपत असेल किंवा गुलाबी-लाल स्राव दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. लघवीला जळजळ होत असेल तर तेही सांगा. तिथल्या संसर्गानेही वेळेआधी कळा सुरू होतात, आणि कित्येकदा जळजळ न होताच संसर्ग असतो, म्हणून लघवीची तपासणी होते.

जांघेत किंवा पोटाच्या बाजूला एकदम चमक येणं वेगळं. कूस बदलताना, शिंकताना गर्भपिशवीला धरून ठेवणारे बंध ताणले जातात, त्याची ती चमक. काही सेकंदांत थांबते.

यावरून एक समज खोडून काढायला हवा, कारण त्यापायी नुकसान होतं. 'सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं नाही' हे पूर्ण चुकीचं आहे. जितके आठवडे जास्त तितकं बाळ सुरक्षित, यात अपवाद नाही. २४ आणि २८ आठवड्यांत जन्मलेल्या बाळांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणूनच वेळेआधी कळा आल्या तर डॉक्टर दोन गोष्टी साधायला धडपडतात: कळा जरा लांबवणं आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं. डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ दर १२ तासांनी चार, किंवा बीटामेथासोन १२ मिग्रॅ २४ तासांच्या अंतराने दोन, २४ ते ३४ आठवड्यांत. पूर्ण परिणाम यायला साधारण एक दिवस लागतो. रात्रभर 'बघू सकाळी' म्हणत घरी काढलेली वेळ या दिवसातून वजा होते. जवळच्या कोणत्या रुग्णालयात नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे हे आत्ताच माहीत करून ठेवा. १०८ ला फोन करतानाच 'वेळेआधी कळा, इतके आठवडे' असं सांगा.

अबोली
हालचाली मोजण्याबद्दलही कुणीतरी लिहा. खूप जणी २२ व्या आठवड्यापासून वही घेऊन बसतात आणि घाबरतात.

रानजाई
२८ आठवड्यांआधी मोजायची गरज नाही. पहिलटकरणीला १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास हालचाल कळू लागते, वार पुढच्या बाजूला असेल तर उशिरा आणि अंधुक. २४ आठवडे भरले तरी एकदाही जाणवली नसेल तर तपासणी करून घ्या. २४ ते २८ मध्ये आपल्या बाळाची सवय ओळखायची: कधी जागं असतं, जेवणानंतर हलतं का, रात्री आपण आडवं झाल्यावर जास्त का. २८ नंतर शंका आली तर जेवून डाव्या कुशीवर पडा आणि लक्ष देऊन मोजा. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. लाथ, वळणं, सरकणं सगळं धरा. एका लयीत येणाऱ्या उचक्या धरू नका. नेहमीपेक्षा स्पष्टपणे कमी वाटलं तर त्याच दिवशी जा. घरी डॉपलर आणून ठोके ऐकू आले म्हणून थांबणं धोक्याचं. ठोके चालू असतानाही बाळ थकलेलं असू शकतं. शिवाय आईचीच नाडी ऐकून समाधान मानलं जातं.

रक्तदाबाचंही इथेच सांगून टाकते. मधल्या महिन्यांत तो एरवीपेक्षा थोडा कमी असतो आणि २४-२८ नंतर हळूहळू मूळ पातळीकडे येतो. म्हणून सुरुवातीला १००/६० असलेल्या बाईचा १३०/८६ 'नॉर्मल' म्हणून सोडू नये, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघावा. चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा वर आला तर तो वाढलेला. १६०/११० ला थांबायचंच नाही. मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, बोलायचं नाही. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो. संध्याकाळी पाय सुजणं नेहमीचं, पण सकाळी उठल्यावर चेहरा आणि बोटं सुजणं, अंगठी घट्ट होणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली उजवीकडे दुखणं यातलं काही असेल तर रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन त्याच दिवशी.

ताठकणा
व्यायामाच्या बाजूने थोडकं. पोटरीत गोळा आला की पाय झटकू नका आणि बोटं ताणून पुढे करू नका, त्याने गोळा घट्ट होतो. गुडघा सरळ ठेवून पाऊल स्वतःकडे ओढा, अर्धा मिनिट धरा, मग चोळा. एकाच पोटरीत दुखणं, सूज आणि गरमपणा असेल तर मात्र चोळायचं नाही, शिरेत गुठळी आहे का ते बघून घ्यायचं.

उताणं झोपल्यावर घेरी येते किंवा धडधडतं, कारण जड गर्भपिशवी पाठीमागच्या मोठ्या शिरेवर दाब देते आणि हृदयाकडे येणारं रक्त कमी होतं. कुशीवर वळलं की बरं वाटतं. २८ आठवड्यांपासून झोप लागताना कुशीवरच असावं, डावी-उजवी दोन्ही चालतात. दोन गुडघ्यांमध्ये उशी आणि पोटाखाली घडी केलेली चादर. रात्री उताणी जाग आली तर घाबरायचं कारण नाही, फक्त वळा. उठताना सरळ उठून बसू नका: आधी कुशीवर, पाय पलंगाखाली, मग हाताने रेटा देत उठा. पोटाचे मधले स्नायू फाकतात ते यामुळे कमी ताणले जातात.

चैत्रपालवी
डोहाळजेवणानंतर माहेरी जायचं असतं. प्रवास आणि कागदपत्रांचं काय?

अबोली
कुठलीही गुंतागुंत नसेल तर प्रवासाला २४ ते २८ हाच सोयीचा काळ. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा गर्भपिशवीच्या तोंडाला टाका असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रेल्वे असेल तर खालचा बर्थ. गाडीने जात असाल तर दर दोन तासांनी उतरून चाला, पट्ट्याचा खालचा भाग पोटाखाली मांड्यांवर आणि वरचा दोन स्तनांच्या मधून. विमानासाठी २८ नंतर बहुतेक कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात.

निघण्याआधी साखरेची तपासणी आणि हिमोग्लोबिन उरकून अहवाल बरोबर घ्या. तिकडे गेल्यावर करू म्हटलं की पहिले दोन आठवडे नातेवाइकांतच जातात. फाइलमध्ये माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगट, एचआयव्ही-कावीळ ब तपासण्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनांच्या तारखा हव्यात. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि बाळाच्या वडिलांचा पॉझिटिव्ह, तर आईच्या रक्तात बाळाच्या पॉझिटिव्ह पेशींविरुद्ध अँटिबॉडी बनू शकतात. म्हणून २८ व्या आठवड्यात आधी अँटिबॉडीची तपासणी, ती निगेटिव्ह आली की त्या बनू न देणारं अँटी-डीचं ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. गाव बदलताना सगळ्यात जास्त वेळा हेच इंजेक्शन राहून जातं, कारण इकडच्यांना वाटतं तिकडे देतील आणि तिकडच्यांना वाटतं दिलं असेल. तारीख फाइलच्या वरच मोठ्या अक्षरात लिहा.

माहेरच्या आशाताईंना पहिल्याच आठवड्यात भेटून नोंदणी करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती तारीख साधून गेलात तर डॉक्टरांची भेट आणि रक्त-लघवी एकाच दिवशी होतं. आदिवासी भागातल्या गावी जात असाल तर अमृत आहार योजनेचं जेवण मिळतं का ते अंगणवाडीत विचारा. २८ व्या आठवड्यात इकडून कागद घेऊन निघालात तर पुढची भेट ३० व्या आठवड्याची धरा, आणि तोपर्यंत साखर किंवा रक्तदाब वर असेल तर ती आठवड्यावर आणा.

रक्तपेढीकर
अँटी-डी नेताना थंड पेटीतून न्या आणि दवाखान्यात पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही. तालुक्याच्या औषध दुकानात ते नेहमी असेलच असं नाही, म्हणून फोन करून आधीच मागवून ठेवा.